एका टेकचा माणूस

चॅट्सवर्थ, कॅलिफोर्निया
सप्टेंबर १९६४

प्रिय लेम,

तू पाठवलेली पटकथा पोचून आठवडा उलटला. मी उत्तर दिलं नाही म्हणून ओपल रोज जेवताना मला टोचून बोलते. "मनगट मोडलंय, जीभ नाही मोडली. टेलिफोन उचल आणि बोल त्याच्याशी," म्हणते. तिला काय सांगू? टेलिफोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस. काहीतरी चावट बोलून हसवतोस आणि सांगायचं ते माझ्या घशातच राहतं. म्हणून डाव्या हातानं हे गिरवतोय. अक्षर वाकडंतिकडं आलंय, तेवढं चालवून घे.

इथलं म्हणशील, तर ओपलनं अंजिरांचा मुरंबा घातलाय आणि तुझी बरणी बाजूला ठेवलीय. आमच्या मागच्या टेकडीवर घरं व्हायला लागलीत. ज्या खडकांत तू मला सिनेमात पहिल्यांदा गोळी घातलीस ना, तिथे परवा जाऊन आलो. मी जिथे मरून पडलो होतो, तिथे कुणाचं तरी न्हाणीघर होणार आहे. मुकादमाला मी तसं सांगितलं. त्यानं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "म्हणजे बँक लुटणारे तुम्हीच का?" मी म्हटलं, "नाही बाबा, लुटली गेली ती बँक माझी होती." तो जरा हिरमुसलाच.

मला हल्ली जुनं फार आठवतं. नेब्रास्काहून आपण गुरांच्या डब्यातून आलो आणि अंगाचा वास जायच्या आधीच स्टुडिओजवळच्या त्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिलो. घोड्यावर बसता येणारे सगळे बेकार तिथेच उभे असायचे. स्टुडिओचा माणूस आला, तुझ्याकडे बोट करून म्हणाला, "तो उंच, इकडे ये." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि तो, गहाण टाकून सोडवायचं राहून गेलेल्या तोंडाचा, तूही चल." तू ब्रेट हॅलोरन झालास. मी हॉबर्ट पिकन्सच राहिलो, कारण माझं नाव बदलायची गरजच कुणाला वाटली नाही.

पण खरं सांगतो, मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तुला दर सिनेमात एकच माणूस व्हायचं असायचं, तो शूर, कमी बोलणारा माणूस. मी गुत्तेवाला झालो, तारमास्तर झालो, प्रेतांच्या पेट्या करणारा सुतार झालो, लाच खाणारा न्यायाधीश झालो. एका वर्षी तर तुझा बाप झालो. मी तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी लहान आहे, हे त्या डायरेक्टरला शेवटपर्यंत पटलं नाही. एकदा बेकर्सफील्डच्या रस्त्यावर पोलिसानं गाडी अडवली. माझा काही गुन्हा नव्हता. तो नुसताच म्हणत राहिला, "तुला मी आधी कुठेतरी पकडलंय." मला केवढा अभिमान वाटला होता त्या दिवशी.

माझ्या वाट्याला संवाद तीन-चारच असायचे. तेवढ्यानं माझं पोट भरायचं नाही, म्हणून मी सगळ्यांचेच पाठ करायचो. समोरचा माणूस काय बोलणार हे माहीत असलं की ग्लास कधी पुसायचा, कधी थांबवायचा, हे कळतं. हीरो बोलत असताना फडकं हललं तर प्रेक्षक फडक्याकडे बघतो. हे मला कुणी शिकवलं नाही. तुझ्याकडे बघता बघता कळलं. त्यातून माझं नाव पडलं, 'एका टेकचा होबी', पहिल्याच खेपेला प्रसंग पुरा करणारा. माझ्यामुळे फिल्म वाया गेली असं कुणी कधी म्हणू शकलं नाही. माझी सगळी मिळकत म्हणजे ते एवढंसं नाव.

आणि मग या जुलैत लोन पाइनला शूटिंग आलं. तो तुरुंगातला प्रसंग आठव. तू म्हातारा मार्शल, मी तुरुंगाचा राखणदार. तुझं ते लांब बोलणं होतं, कोठडीतल्या मुलाला सोडून द्यायचं की नाही त्याबद्दलचं. तू अर्ध्यावर आलास आणि थांबलास. माझ्याकडे बघितलंस. मला आधी वाटलं, वा, काय थांबला आहे. मग तुझे डोळे दिसले. परक्या गोठ्यात शिरलेल्या वासरासारखे होते ते. माझ्या हातातल्या किल्ल्या खणखणत खाली पडल्या आणि मी शिवी हासडली. "माझं चुकलं, पुन्हा घेऊ या," मी म्हणालो. केंडल डायरेक्टर चकित झाला. "होबी, तूसुद्धा?" म्हणाला. दुसऱ्या दिवशी टेकच्या मधेच मी खोकलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझंच वाक्य तोंडातून निसटल्यासारखं बोलून टाकलं, तेव्हा तुला पुढचं आठवलं आणि सगळे मला हसले. दिवे सांभाळणारी पोरं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हाताऱ्याला आता खुर्चीत बसवा."

जेवणाच्या सुट्टीत तू तुझी थाळी घेऊन माझ्या शेजारी येऊन बसलास. खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "होतं रे असं, गड्या. वय झालं आपलं. केंडलला मी सांगितलंय, होबीला सांभाळून घे म्हणून. तू काळजी करू नकोस." तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी मान खाली घालून बीन्स खात राहिलो.

मग गाडीचा तो दिवस. सहा घोडे, मी हाकणारा, आत दोन नव्या पोरी, उतारावरून भरधाव यायचं. तू खडकामागे घोड्यावर थांबून राहायचं होतंस आणि गाडी पुढे गेली की मागून यायचं होतंस. पुढचं तुला माहीत आहे. निदान सगळे सांगतात ते माहीत आहे. पिकन्सच्या हातून घोडे सुटले, गाडी खडकावर गेली, चाक तुटलं, एका पोरीचा खांदा निखळला, म्हाताऱ्याचं मनगट गेलं. त्या पोरीला मी दोनदा भेटून आलो. गुणी मुलगी आहे. मलाच धीर देत होती.

आता ही पटकथा. नदीतून गुरं पार करायचा प्रसंग त्यात आहे, तू सगळ्यांत पुढे आणि तुझ्या मुलाचं काम करणारा तो पोरगा तुझ्या मागोमाग. आणि माझं काम! आयुष्यात एवढं मोठं काम मला कुणी दिलं नाही. पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत आहे मी, आणि मरतही नाही. वर तुझी चिठ्ठी, "मीच अट घातली. होबी नसेल तर मीही नाही." मी ते ओपलला वाचून दाखवलं तेव्हा ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

लेम, काल मी स्टुडिओत जाऊन नाही म्हणून आलो. तूही नाही म्हण, एवढंच सांगायला हे पत्र लिहिलं. त्या दिवशी घोडे माझ्या हातून सुटले नव्हते. तू खडकामागून निघालास आणि रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिलास, कुणाला तरी वाट विचारायची असल्यासारखा. मी गाडी मुद्दाम खडकावर घातली, कारण दुसरीकडे तू होतास. किल्ल्याही मुद्दामच पाडल्या होत्या. माझी स्मरणशक्ती शाबूत आहे, मित्रा. तुझे संवाद मला अजून पाठ आहेत. केंडलच्या वेळी निभावलं, पण नदीत गुरांच्या मधे तू थांबलास तर मागच्या पोराला वाचवायला मी पुरा पडणार नाही. तू चिडशील. मी तुझ्यावर जळतो असंही तुझ्या मनात येईल. येऊ दे. पण मला टेलिफोन करायच्या आधी तुझ्या व्हर्नाला हाक मार आणि हे पत्र तिच्या हातात दे. रात्री तुला आपल्याच घरात स्वयंपाकघराचं दार सापडत नाही, तेव्हा ती आधी उठून दिवा लावते, ते तू पाणी प्यायला आलास असं तुला वाटावं म्हणून. हे तिनं मला गेल्या रविवारी सांगितलं, हातमोजेसुद्धा न काढता, आमच्या ओट्याशी उभी राहून. तिला एकटीला हे तुझ्याशी बोलवत नाही, आणि मलाही नाही. म्हणून आम्ही दोघं मिळून सांगतोय.

कायम तुझाच,
होबी