पंपाशेजारचं कपाट

सातपाटी,
मंगळवार

प्रिय उत्कर्षा,

पत्र बघून हसशील. फोन हातात असताना ही बाई कागद का खरडते आहे, असं म्हणशील. फोनवर मला जमलं नाही. गेल्या आठवड्यात दोनदा तुला फोन लावला आणि दोन्ही वेळा इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला. तुला वाटलं, हिमानी दमली आहे. दमलेच आहे, पण ते कारण नव्हतं.

आधी माझं सांगते. बोईसरच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत आता रुळले. बाटल्या येतात, आकडा काढायचा, सही करायची, पुढची बाटली घ्यायची. त्या आकड्याचा अर्थ काय, असं कुणी विचारत नाही आणि मलाही विचारावंसं वाटत नाही. संध्याकाळी गाडीत बसले की उमरोळी यायच्या आत डोळा लागतो, पालघरला शेजारची बाई हलवून उठवते. चार वर्षं पुण्याला आपल्या प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूच्या कॉर्टेक्समधल्या पेशी एकमेकींशी कशा जोडल्या जातात ते बघत बसले होते. शिष्यवृत्ती संपली तशी घरी आले. आईला अजून वाटतं, मी सुट्टीवर आहे. तिला खरं सांगायचाही कंटाळा येतो.

परवा बाजारात तुझे बाबा भेटले. उद्या पुण्याला तुझ्याकडे निघताहेत ना. तू जेवत नाहीस, राजीनामा लिहून ठेवला आहेस आणि सोमवारच्या बैठकीत सरांच्या हातात देणार आहेस, असं म्हणाले. ती तुझं ऐकते, तूच समजाव तिला, असंही म्हणाले. मी नुसती मान हलवली. जन्मभर अणुवीज केंद्रात मान ताठ ठेवून काम केलेला माणूस भाजीच्या पिशव्या घेऊन माझ्यापुढे उभा होता आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

माझे उंदीर चार दिवसांत शिकायचे, तुझे महिना झाला तरी शिकत नाहीत, हे तू आठ महिने ऐकते आहेस. शिकवायचं तरी काय होतं? पंपाने मिशांवर हवेची फुंकर मारायची, फुंकर लागली की उंदराने नळी चाटायची, मग त्याला पाण्याचा थेंब. इतक्या लवकर शिकतात आणि स्पर्शाच्या भागातल्या पेशी इतक्या झटपट नवी जोडणी करतात, म्हणून तर आपला लेख गाजला. मी होते तोवर तू सूक्ष्मदर्शकापाशी आणि उंदीर माझ्याकडे, अशी वाटणी होती. मी गेले आणि उंदीर तुझ्या गळ्यात पडले. सर म्हणतात, हाताचा फरक असतो. तुलाही ते खरं वाटायला लागलं, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

आपला पहिला आठवडा आठवतो? आपण दोघी एकाच तालुक्यातल्या निघालो म्हणून केवढ्या खूश झालो होतो. तू अणुवीज केंद्राच्या कॉलनीतली, मी बंदरावरची. मग दुपारी मी डबा उघडला, त्यात आईने पाठवलेला सुका जवळा कांद्यावर परतून आणला होता. तू खिडकी उघडलीस आणि माझ्याकडे बघून हसलीस. तुमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, तुझा काय दोष. पण त्या दिवसापासून मी तुझ्यासमोर जवळा खाल्ला नाही. माझी घरमालकीण तर आधीच पिशव्या हुंगून मला आत घ्यायची. मग जवळ्याचा पुडा ठेवायचा कुठे? उंदरांच्या खोलीत पंपाशेजारी खालचं कपाट होतं, दाराला रबराची पट्टी असलेलं. वास बाहेर येत नव्हता. तिथे खाणं ठेवायला सक्त मनाई आहे हे मला पाठ होतं, नव्या मुलांना मीच शिकवायचे. तरी चार वर्षं ठेवला. एक संपला की आई दुसरा पाठवायची. मला लाज वाटायची, उत्कर्षा, माझ्याच घरच्या वासाची.

दहा-बारा दिवसांपूर्वीची गोष्ट. आईने जवळ्याची टोपली पंख्यामागे ठेवली होती. कोपऱ्यात शेजारच्या मंदामावशीची मांजर झोपलेली. आईने पंखा लावला तशी ती उठून बसली, नाक वर केलं आणि तिच्या मिशा थरथरायला लागल्या. पंखा बंद, मांजर झोपली. पुन्हा लावला, पुन्हा मिशा. मी ताटावरून उठले ते तशीच उष्ट्या हाताने पायरीवर जाऊन बसले. आपला पंप हवा घ्यायचा ती त्याच कपाटातून, मागच्या भोकातून. माझ्या उंदरांना फुंकर कळतच नव्हती, त्यांना जवळा कळत होता. हुंगताना उंदीर मिशा हलवतो, हे तर पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. म्हणून त्या पेशी पेटत होत्या. फुंकर मिशांना न लावता बाजूला मारली तेव्हा उंदीर चाटत नव्हते, त्या तपासणीने आपण कसे फसलो, तेही मग आठवलं. त्या दिवशी आपला पंप बिघडला होता आणि मी शेजारच्या खोलीतला वापरला होता, त्याच्या हवेला जवळ्याचा वास नव्हताच. पुणं सोडताना कपाट पुसून, पुडा पिशवीत घालून आले. तुझ्यासाठी खोली स्वच्छ ठेवली, असं समजत होते.

इतके दिवस गप्प बसले. लेखावर पहिलं नाव माझं आहे. तो गेला तर चार वर्षांचं माझ्यापाशी काहीच उरत नाही, आणि परत तिकडे यायची जी थोडी आशा होती तीही संपते. काल आईला सगळं सांगितलं. तिने जवळा पाखडता पाखडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चूक तुजी हाय नं, मंग ती पोर कशाला रडते? सांग तिला. आन् जवलाबी दे."

म्हणून हे पत्र. आज सकाळी सरांना सगळं लिहून कळवलं आणि लेख मागे घ्या म्हणून सांगितलं. तुझ्या आधी त्यांना कळवलं, कारण तू मला थांबवलं असतंस. पत्राबरोबर तुझ्या बाबांच्या हाती एक पुडा देते आहे. त्यांना वास सहन करावा लागेल, माझ्या वतीने माफी माग. गुरुवारी नवे चार उंदीर घे, पुडा खालच्या कपाटात ठेव आणि रविवारपर्यंत शिकव. ते शिकतील. मग पुडा काढून घे आणि सोमवारी सगळ्यांना दाखव की तुझ्या हातांत काहीच खोट नव्हती. राजीनामा फाडून टाक. आणि हो, पुडा या वेळी लपवू नकोस. कुणी नाक मुरडलं तर सांग, हिमानीच्या घरचा आहे.

तुझीच,
हिमानी