मांडवामागचा टँकर

अण्णा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मला आता, बेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी सांगितलं की मला ऑटिझम आहे. हा शब्द तुम्ही कधी ऐकला तरी होता का, ठाऊक नाही. कुकरची शिट्टी मला कानात नाही, दातांत जाणवते. नव्या ब्लाउजची शिवण दिवसभर टोचत राहते. अंबडच्या कारखान्यात मी सुटे भाग तपासते. डोळ्यांना न दिसणारा ओरखडा माझ्या बोटाला लागतो, म्हणून तिथे माझं कौतुक होतं. आणि घरी नवऱ्याने सहज खांद्यावर हात ठेवला तरी मी दचकते. हे सगळं एकाच माणसाचं कसं, मला अजून उमगत नाही.

चांदवडला मामाचं लग्न. मी नऊ वर्षांची. नवरदेव मांडवात येतो आणि बँडवाले अगदी माझ्या पाठीमागे वाजवायला लागतात. मी कान दाबून खाली बसते, किंचाळते, अंगातलं जरीचं पोलकं ओढून काढते. तुम्ही मला उचलून पाण्याच्या टँकरमागे नेता आणि एक थोबाडीत देता. "सगळे सहन करतात ना? तुलाच काय धाड भरलीय?" आता परत मांडवात जाल असं मला वाटलं. गेला नाहीत. बँड थांबेपर्यंत टायरला टेकून, डोळे घट्ट मिटून बसलात. आई जेवायला बोलवायला आली, तर म्हणालात, "हिला सांभाळतोय." माझ्यामुळे तुमची पंगत हुकली, असंच मी इतकी वर्षं धरून चालले.

परवा आईला डॉक्टरांचं सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात काय एवढं? तुझे अण्णा घरात असताना मी कधी मिक्सर लावलाय का? ते कामावर गेले की मी चटणी वाटायचे."

तेव्हापासून काही सुचत नाही. टँकरमागे कोण कोणाला सांभाळत होतं? त्या 'सगळ्यां'त तुम्ही होता का? तुम्हाला सहन करणं जमलं होतं म्हणून मला मारलंत, की जमत नव्हतं म्हणून? तुमच्यावर रागवावं की तुमच्याशेजारी जाऊन बसावं, हेच ठरत नाही.

हे पत्र आईलाही दाखवणार नाही. गेलेल्या माणसाला कशाला नावं ठेवतेस, म्हणेल. आणि मी तरी काय केलं? काल डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या घरात आणखी कोणी असं होतं का?"

मी म्हटलं, नाही, कोणी नाही.