फलाटावरच्या बाईचा चेहरा

मी, खाली सही करणारी, दिवंगत चित्रकाराची पत्नी, वय एक्याऐंशी, गुडघे सोडल्यास डोक्यासकट सर्व शाबूत, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते की :

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या मुलीस मिळावी. तिचे नाक मावशीवर गेले आहे, त्यात तिचा दोष नाही.

२. यजमानांचे कुंचले फ्रेमवाल्यास द्यावेत. आमच्या घरी येऊन माझ्या धाकट्या बहिणीची स्तुती न करणारा तो एकटाच.

३. ‘फलाट’ हे चित्र. लढाईतल्या जखमींनी भरलेली गाडी आणि बादलीतले पाणी पाजणारी बाई. टपालाच्या तिकिटावर, शाळेच्या पुस्तकात सर्वांनी पाहिलेले. ते काढताना, खिडक्यांना काळे कागद चिकटवलेल्या खोलीत, भरली बादली धरून महिनाभर मी उभी होते. मग माहेरहून धाकटी एका दुपारपुरती आली. हे म्हणाले, “तुझ्या तोंडावर लढाई दिसत नाही गं, कंटाळा दिसतो. तिला बसू दे जरा.” ती बसली, चहा प्यायली, आणि माझ्या मानेवर तिचे तोंड चढले. आयत्या बिळावर नागोबा. आजही लोक तिला वाटेत थांबवून फोटो काढतात आणि मला विचारतात, “तुम्ही त्यांच्या बहीण का?” माझ्या पोटात दुखते. वयाने कमी होईल असे वाटले होते, झाले नाही.

४. हे चित्र संग्रहालयास द्यावे. गेल्या वर्षी तिथले तज्ज्ञ पाहून गेले. म्हणाले, “आजी, जुना तैलरंग विरळ होतो, खालचं वर दिसायला लागतं. या बाईला दुसरी हनुवटी फुटतेय. आम्ही झाकून देऊ.” मी भिंग लावून पाहिले. हनुवटी माझी होती. म्हणून अट अशी की त्या चेहऱ्याला कोणीही कुंचला लावू नये. लावल्यास चित्र मुलीकडे परत यावे.

५. साक्षीदार म्हणून धाकटी पेन उघडून बसली होती. “ताई, कुठे करू सही?” वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने सही करू नये. तिला दागिने वाटले असावेत, लगेच पेन मिटले. तिला माझी वेताची खुर्ची द्यावी. खुर्ची संग्रहालयात त्या चित्रासमोर ठेवावी. तिने दर वर्षी येऊन बसावे, आणि मला वर येताना बघावे.

सही : (स्वहस्ते)
साक्षीदार : १. घरचे डॉक्टर, डोके तपासून. २. खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर.
स्थळ : मागची खोली, चित्रासमोर.
दिनांक : नऊ मार्च.