पिवळा रुमाल

१२ जानेवारी

चि. टोळास,
अ. उ. आ.

आईचा गुडघा बरा आहे. शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, तो बदलला. आता मुद्द्याचं सांगते, कारण आढेवेढे घेणं मला जमत नाही.

काल विरोधी पक्षाची दोन माणसं दुकानात आली. काज-बटणांसाठी ठेवलेले शर्ट बाजूला सारून बाकावर बसली. या निवडणुकीत मी तुझ्याविरुद्ध उभं राहावं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना हाकलून द्यायला हवं होतं. मी चहा केला.

टोळा, मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, जुना. उंच उडी आधी मी शिकले. घरात खिळ्यांचे बूट एकच जोड. वडील गेले तेव्हा ते तुझ्या पायात गेले आणि मी मशीनवर बसले. तू अजिंक्यपद आणलंस, गावभर मिरवणूक निघाली, तेव्हा तुझी पिशवी धरून मी मागून चालत होते. पुढे तू निवडून आलीस, तरी मी आपली उडीवालीची बहीण. दुकानावर पाटी माझ्या नावाची आहे, ती कुणी वाचत नाही. आणि दुकानासमोरचं गटार तू झाकून देणार होतीस, त्यात परवा माझं गिऱ्हाईक पडलं.

त्यांना काय सांगू, ते कळव. प्रेम आहे, पण सध्या जरा आंबलेलं आहे.

तुझी,
ताई

१६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून तुझ्या नावाने कडाकडा बोटं मोडली. चहा केलास! मी आले की स्वतः करून घे म्हणतेस.

कार्यकर्ते म्हणाले, बहिणीला समजवा. मी म्हटलं, ती ऐकणाऱ्यातली नाही. पण हेवा काय तुझ्या एकटीच्या मालकीचा आहे? मी पदक घेऊन घरी यायचे आणि आई विचारायची, ताई जेवली का. ती राहते तुझ्याकडे, केस विंचरून घेते तुझ्याकडून, आणि मी गेले की पाहुणी आल्यासारखी सावरून बसते. मला जळजळतं.

उभी राहा. मीही सोडणार नाही. फक्त माझ्या सभांना ये. मैदानात तू खांबाशी पिवळा रुमाल धरून उभी राहिलीस की मगच माझे पाय उचलायचे. सभेतही तो दिसल्याशिवाय तोंडातून शब्द फुटत नाही, हे तुला माहीत आहे. आईला नमस्कार.

वैर निवडणुकीपुरतं, लोभ नंतरही लागेल.

तुझी,
टोळ

३ मार्च

चि. टोळास,
अ. उ. आ.

झालं ना मनासारखं! आपल्या दोघींत मतं फुटली आणि मधल्यामध्ये तो अपक्ष वखारवाला निवडून आला. आई म्हणते, दोघींनी मिळून घरचंच कापड कापलं. गटार उघडंच आहे.

तुझ्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत रुमाल धरून बसले, म्हणून माझ्या पक्षवाल्यांनी कपाळाला हात लावला. असा उमेदवार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

पण टोळा, मी दुसरी आले आणि तू तिसरी! काल दिवसभर हसू आवरत नव्हतं. एका शर्टाची बाही उलटी शिवली, तरी चिडले नाही. तुझ्यासाठी रडूही आलं, पण ते संध्याकाळी.

रविवारी जेवायला ये. रुसायचं असेल तर जेवून झाल्यावर रुस.

तुझी,
ताई

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिसरी आल्याचं वाईट वाटतंच, पण तू दुसरी आल्याचं जास्त वाटतं. तू इतकी वर्षं हे कसं सोसलंस? उंच उडीत जिंकणारीसुद्धा बहुतेक वेळा शेवटी दांडी पाडूनच थांबते, त्यामुळे पडायची मला सवय आहे. तुझ्या मागे राहायची नाही.

एक सांगायचं राहिलं. मतमोजणीच्या खोलीत आकडे वाचू लागले तेव्हा मी सवयीने गर्दीत रुमाल शोधत होते. कुठेच दिसेना. तेवढ्यात कुणीतरी माझ्या कपाळावरचा घाम पुसला, आणि पाहिलं तर रुमाल पिवळा होता. हरत तर तूही होतीस, ताई.

रविवारी येते. चहा तू करायचास.

रागासकट लोभ असू दे.

तुझी,
टोळ