हिरव्या खांबांची सोपी वाट

१ ऑक्टोबर, सकाळ

समस्त पायी चालणाऱ्या बंधू-भगिनींनो! तलावाभोवतीची आपली वाट आपल्या डोळ्यांदेखत चाकांच्या घशात चालली आहे, आणि आपण गप्प आहोत!

सुरुवात जमली. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिली. बायको बाहेरून म्हणाली, अहो, गॅसवर दूध ठेवलंय, आधी ते वाचवा, मग वाट वाचवा.

मुद्दा असा. जंगलातून तलावाला वळसा घालणाऱ्या पायवाटेच्या कडेला हिरवे खांब आहेत. हिरवा म्हणजे सोपी, निळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे अवघड. या हिरव्या वाटेवर वन कार्यालय म्हाताऱ्या माणसांसाठी बॅटरीची गाडी सुरू करणार आहे. अठराला चाचणी, वीसला जनसुनावणी. काल पदयात्री मंडळाच्या बैठकीत मी कडाडलो. जिथे रांगतं पोरही हसत जाईल, तिथे गाडी? माझी आई एकोणऐंशीची आहे, विचारा तिला गाडी हवी का! टाळ्या. मग अध्यक्ष कोणी व्हावं यावर चर्चा झाली. मीच व्हावं असं मी सुचवलं. कोणी काही बोललं नाही. मौन म्हणजे संमती.

ठरलं: अठरालाच, गाडीच्या नाकावर टिच्चून, मंडळाने तलावाला पूर्ण फेरी मारायची. सर्वांत पुढे मी.

आईला अजून विचारलेलं नाही. गरज काय? रक्त एकच.

२ ऑक्टोबर

संकल्प: रोज पहाटे उठून सराव. आज आठला जाग आली. लढवय्याला झोप पुरी लागते. उद्यापासून.

३ ऑक्टोबर

उद्यापासून. (पाऊस येईल असं वाटलं होतं. आला नाही, पण आला असता.)

५ ऑक्टोबर

पहिला सराव. दुसऱ्या बाकापर्यंत गेलो. तिथे एक जोडपं बसलं होतं. त्यांना पाहताच आतून शब्द उसळले, म्हणून थांबलो. दम लागला म्हणून नव्हे. बंधू... भगिनींनो... ही... वाट... असं एकेक शब्द करत बोललो. वक्तृत्वात याला विराम म्हणतात. परिणाम विलक्षण. गृहस्थ उठून उभे राहिले आणि त्यांनी मला बसायला जागा दिली. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि घरी कोणाला फोन करू का म्हणून विचारलं. लोक किती आतुर आहेत!

प्रबोधनात वेळ गेल्यामुळे फेरी पुरी करता आली नाही.

६ ऑक्टोबर

विचार केला. 'सोपी वाट' हा शब्दच घातक आहे. सोप्याने कोणता समाज पुढे गेला? यापुढे सराव निळ्या वाटेवर.

७ ऑक्टोबर

निळ्या वाटेला सुरुवातीलाच चढ आहे. त्यामुळे पायथ्याशी उभं राहून तिचा सखोल अभ्यास केला. तीस वर्षं वाचनालयाच्या खुर्चीत काढली हे खरं, पण भटकंतीवरचं प्रत्येक पुस्तक माझ्या हाताखालून गेलंय. मला वाट वाचता येते. चालायलाच हवं असं नाही.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ

आज घरात ठिणगी पडलेली पाहिली.

आई फोनवर बुटकीशी बोलत होती. बुटकी म्हणजे आईची जुनी सोबतीण. तलावाच्या पलीकडे पूर्वी माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र होतं, तिथे दोघींनी उभा जन्म टाक्यांचं पाणी बदलण्यात घालवला. केंद्र बंद पडलं, पण बुटकी तिथल्याच मागच्या खोलीत राहिली. तिकडे मोटारीचा रस्ता नाही. लाँच होती, ती बंद झाली. आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, बुटकीचे गुडघे गेले, आणि चार वर्षांत दोघींची भेट नाही. रोज संध्याकाळी फोन. हल्ली बुटकीला फोनवर धड ऐकूही येत नाही, म्हणून आईला ओरडावं लागतं.

आज आई जिवाच्या आकांताने ओरडत होती: गाडी! अगं गाडी! अठराला! गाडी!

हा संताप! मी दारात उभा राहिलो, डोळे भरून आले. मी अवाक्षरही न सांगता आई आंदोलनात उतरली आहे.

१० ऑक्टोबर

नवे बूट घेतले. मंडळातला औषधवाला म्हणाला, नवे बूट आधी थोडे वापरून सैल करा, नाहीतर फोड येतील. म्हणून दिवसभर घालून बसलो. बायकोने विचारलं, आरामखुर्चीत वाचताना बूट कशाला? सराव, म्हटलं. ती म्हणाली, मग पान जरा जोरात उलटा, घाम येईल.

अशा वातावरणात माणसाने क्रांती करायची.

१२ ऑक्टोबर

मंडळाचा सामुदायिक सराव. औषधवाला, टेलरबाई, रिटायर्ड कॅशियर आणि आणखी काही मंडळी. निघतानाच टेलरबाई पुढे. त्या चालत नाहीत, मशीन मारल्यासारख्या सुटतात. दुसऱ्या बाकाशी मला मार्गदर्शन करावंसं वाटलं. थांबलो, हात वर केला. बाई न थांबता म्हणाल्या, साहेब, तुम्ही बोलत या, आम्ही ऐकत चालतो. असं म्हणून दिसेनाशा झाल्या.

खरा नेता मागून चालतो. मेंढपाळ कधी कळपाच्या पुढे असतो का? पहिल्या तारखेला लिहिलेल्या ठरावात एवढी दुरुस्ती: सर्वांत मागे मी.

१४ ऑक्टोबर

आईने ठेवणीतला निळा स्वेटर काढून उन्हात टाकला. शिवाय एक लहानसा मफलर विणते आहे. सुनावणीची तयारी! मफलर कोणासाठी, म्हणून विचारलं. बुटकीसाठी, तिचा घसा धरतो. म्हणजे तिलाही सुनावणीला आणायचं आईच्या मनात असावं. दोन्ही काठ पेटलेत.

१६ ऑक्टोबर

आईने आज सरळ विचारलं: अरे, तू म्हणे ती गाडी बंद पाडणार आहेस?

मी तिला समजावून सांगितलं. चाक आणि पाऊल यांचा संघर्ष, यंत्राने माणसाचा केलेला घास, सगळं. ती तिच्याच पायांनी रोज त्या वाटेने कामावर जायची, ती वाट म्हणजे तिच्या घामाचा इतिहास, हेही सांगितलं. बोलता बोलता मीच गहिवरलो.

आई म्हणाली, आम्ही चालत होतो कारण गाडी नव्हती. हौस म्हणून नाही. आणि मग मी बुटकीकडे जायचं कसं?

मी म्हटलं, आई, प्रश्न व्यक्तीचा नाही, तत्त्वाचा आहे. तिने कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं.

ही पिढी कोड्यात बोलते. पण मनातून ती माझ्या बाजूची आहे.

बायको दिवसभर माझ्याकडे नुसती बघते. याचा मात्र त्रास होतो.

१७ ऑक्टोबर

सर्व सज्ज. वाटेवर भाषणांच्या चार जागा काढल्या आहेत. दोन बाकांजवळ, एक लाकडी पुलाजवळ, एक समारोपाची. कोणी थकलं तर म्हणून बाक धरलेत. इतरांपैकी कोणी.

गाडी दिसली की दोन्ही हात वर करून निषेध करायचा, असं मंडळाने ठरवलं आहे. वन कार्यालयाला कळवलंही आहे. ड्रायव्हरला आगाऊ सूचना गेली आहे की हात वर करणाऱ्यांसाठी थांबायचं नाही. घाबरले!

१८ ऑक्टोबर, संध्याकाळ

पाय गरम पाण्यात आहेत. अक्षर हललं तर त्याचं कारण पाणी.

निघालो. हवा छान, तलाव आरशासारखा, झाडांची सावली. पहिल्या बाकाशी भाषण केलं. ऐकायला सगळे होते. दुसऱ्या बाकाशी केलं. औषधवाला आणि कॅशियर होते. लाकडी पुलाजवळ पोचलो तेव्हा उजव्या टाचेला फोड, डाव्या टाचेला त्याचा भाऊ. बूट पुरेसे सैल झाले नव्हते. खुर्चीचा दर्जा हल्ली पूर्वीसारखा राहिला नाही. पुलाच्या कठड्याला टेकून मी सुरुवात केली: बंधू... भगिनींनो... मान वर केली तर समोर दोन बदकं. त्यांतलंही एक निघून गेलं.

शेजारी हिरवा खांब. त्यावर पांढऱ्या अक्षरांत: सोपी वाट.

तेवढ्यात घंटा वाजली. गाडी आली. पुढे ड्रायव्हरशेजारी आई, निळ्या स्वेटरमध्ये. मागे बायको, मांडीवर पिशवी. मला काही सांगितलेलं नव्हतं. आईने गाडी थांबवायला लावली. म्हणाली, बस रे.

मी सांगितलं, मी इथे मुद्दाम थांबलोय. पिछाडी सांभाळतोय. आई म्हणाली, बरं. चला हो ड्रायव्हर.

गेली गाडी! बायकोने वळून पाहिलं. हसली असती तरी चाललं असतं.

मग मला त्या वाटेचा उरलेला भाग दिसला. एका बाजूला पाणी, एका बाजूला झाडं, आणि शेवट कुठेच नाही. मी दोन्ही हात वर केले, ओरडलो, थांबा! ड्रायव्हरने आरशात पाहिलं, निषेध पोचल्याचा हॉर्न वाजवला, आणि वेग वाढवला.

गाडी परत येईपर्यंत मी कठड्याला टेकून होतो. आली तेव्हा भरलेली. कॅशियर आत, औषधवाला आत. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. पायी फेरी पुरी केली एकट्या टेलरबाईंनी, आणि त्यानंतर म्हणे दुकानही उघडलं. मला मागे सामानाच्या फळीवर जागा मिळाली, तोंड उलट्या दिशेला. हात खाली ठेवा म्हणजे मी थांबतो, असं ड्रायव्हरने बजावलं.

घरी आल्यावर बायकोने सांगितलं. बुटकी खोलीच्या पायरीवर सकाळपासून बसून होती. आईला बघून पहिलं वाक्य, किती गं म्हातारी झालीस. आई म्हणाली, आणि तू काय बाळसं धरलंयस? मग जास्त कोण म्हातारं यावर भांडण. मग मफलर. मग दोघी रिकाम्या टाक्यांकडे बघत हातात हात घालून बसल्या, आणि ओरडायची गरज पडली नाही.

मी ते पाहिलं नाही. मी पुलाजवळ होतो, एका बदकापुढे.

२० ऑक्टोबर

जनसुनावणी. सभागृह भरलेलं. पहिला वक्ता मी. उभा राहिलो. समोर पहिल्या रांगेत आई, निळा स्वेटर, कानात मशीन.

समस्त पायी चालणाऱ्या बंधू-भगिनींनो, एवढं म्हटलं. आणि विराम घेतला. विराम लांबला. मागून कोणीतरी म्हणालं, वा, काय विराम आहे! पुढचं सगळं पाठ होतं. चाक, पाऊल, घास, घाम. पण आईच्या मांडीवरच्या पिशवीतून पुन्हा विणायच्या सुया डोकावत होत्या. बुटकीसाठी दुसरं काहीतरी सुरू झालं होतं.

आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, बस खाली, दमलास तू.

बसलो. गाडी एकमताने मंजूर झाली. एकमतात माझं मत धरलं आहे. मौन म्हणजे संमती.

२२ ऑक्टोबर

अध्यक्षपदाचा राजीनामा लिहिला. द्यायला गेलो तर टेलरबाई आधीच अध्यक्ष झालेल्या. बैठकीचा निरोप देणं राहून गेलं म्हणाल्या.

संकल्प: टाचा बऱ्या झाल्या की लाल वाट.

२७ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळ

आई दर गुरुवारी बुटकीकडे जाणार. सोबत एक माणूस हवा, असं बायकोने ठरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. चालत जाणार होतो. टाचांनी परवानगी दिली नाही.

गाडी आली. आईला पुढची जागा मिळाली. मागच्या बाकावर औषधवाला आणि कॅशियर ऐसपैस पसरलेले, दोघांची नजर तलावाकडे, आणि मी पायरीवर एक पाय ठेवून उभा. मागे फळी मोकळी आहे, म्हणून ड्रायव्हर अंगठा दाखवत होता. या अन्यायावर कोणीतरी बोलायला हवं होतं. मी घसा साफ केला, उजवा हात वर केला, ड्रायव्हर दचकला म्हणून खाली घेतला, आणि खणखणीत आवाजात म्हणालो:

समस्त गाडीत बसणाऱ्या बंधू-भगिनींनो, जरा आत सरका.