पहिली दोरी कोणी धरायची

मी, डुगल्ड अलेक्झांडर रॅटरे, वय वर्षे बहात्तर, राहणार ब्रे रस्ता, पिटकॅरी, स्कॉटलंड, पिटकॅरी रोव्हर्स या फुटबॉल क्लबचा एके काळचा बचावपटू व नंतरचा प्रशिक्षक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. समोर मर्डो गन बसला आहे, पण तो फक्त माझी बिस्किटे संपवतो आहे. याआधी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती बरीच आहेत.

कलम १. राहते घर माझी एकुलती एक मुलगी इशबेल हिला मिळावे. वरच्या खोलीच्या खिडकीतून मैदान दिसते. तिथे खुर्ची ठेवू नये. बसले की डावा गोलखांब दिसत नाही. मी तिथे उभाच असतो. माझी कैलासवासी पत्नी शीना म्हणायची, "डुगी, तू झोपेतसुद्धा कुणाला तरी पाडतोस. माझ्या नडग्या बघ!" ते खरे होते.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून अंत्यविधी आणि नंतरचे जेवण व्हावे, उरेल ते इशबेलचे. जेवणात मांस भरून भाजलेला स्टेक पाय असावा आणि तो गरम असावा. शीनाच्या वेळी तो कोमट होता, ते मी अजून विसरलेलो नाही. अंत्यविधी शनिवारी ठेवू नये. शनिवारी सामना असतो.

कलम ३. देशाच्या संघाने मला एकदाच बोलावले. राखीव म्हणून संपूर्ण सामना मी कडेने धावत अंग गरम करत राहिलो, मला आत काही घेतले नाही. त्या दिवशीचा शर्ट बहीण ऊना हिला द्यावा. माझे चिखलाचे सगळे शर्ट तिने धुतले. एक तरी स्वच्छ तिच्या वाट्याला यावा.

कलम ४. क्लबने मला निरोप देताना मैदानाकडेचा प्रशिक्षकाचा बाक भेट दिला. मी त्यावर एकदाही बसलो नव्हतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तो बाक अध्यक्ष गिल्मर बेव्हरिज यांना द्यावा. मी खाटकाच्या दुकानात रांगेत उभा असताना त्यांनी फोन करून मला काढले. "डुगल्ड, आता जरा बस, आराम कर," म्हणाले. त्यांना बसण्याची आवड आहे, बाक त्यांना शोभेल. त्यांना माझ्या शवपेटीची दोरी मिळणार नाही. त्यांनी दफनभूमीच्या कुंपणाशी उभे राहून बघावे.

कलम ५. दोऱ्या. आमच्याकडे शवपेटी आठ दोऱ्यांनी खाली सोडतात, आणि कोणती दोरी कोणाची हे आधी छापून कळवतात. दुसरी, म्हणजे पायाकडची, मर्डोची. बचावात तो आयुष्यभर माझ्या शेजारी उभा राहिला आणि मी पुढे गेलो की मागचे निस्तरत बसला. आज तो या कागदाचा साक्षीदार आहे, म्हणून त्याला मालमत्ता देणे बरे दिसत नाही. दोरी ही मालमत्ता नव्हे, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

पहिली दोरी डोक्याकडची. ती सर्वांत जवळच्या माणसाची, म्हणजे इशबेलची. पण ती घेत नाही. मला काढल्यावर बेव्हरिजने माझी जागा तिला देऊ केली आणि तिने घेतली. तेव्हापासून मी मैदानात पाऊल ठेवलेले नाही. गुरुवारी हे कलम लिहीत असताना ती चिखलाच्या बुटांनी स्वयंपाकघरात आली.

"बाबा, दोरी मर्डोकाकांना द्या."

"ती तुझी आहे."

"जो माणूस माझ्या एका सामन्याला येत नाही, त्याला खड्ड्यात सोडायला मी का येऊ? शनिवारी या. मग बघू."

"डॉक्टर म्हणतात, छातीवर ताण नको."

"मग खिडकीत उभे राहून शिव्या कुणाला देता? पूर्ण गल्लीला ऐकू जातात!"

मर्डोला हसू आवरेना. मला रात्रभर चैन पडले नाही. माझी मुलगी माझ्या थडग्याशी परक्यासारखी मागे उभी राहील, या विचाराने मी खोलीत येरझारा घालत राहिलो.

आज रविवार. पुढचे आज लिहितो आहे. काल मी गेलो.

गोलामागे, कठड्याशी, मर्डोबरोबर उभा राहिलो. आम्ही एका गोलने पुढे होतो. माझा बचावाचा धडा एकच: चौघांनी एका ओळीत राहायचे, आणि "वर!" अशी हाक आली की एकदम पुढे सरकायचे, समोरचा आपोआप ऑफसाइड, त्याचा गोल धरत नाहीत. एक जण जरी मागे राहिला तरी सगळे मुसळ केरात. शेवटी शेवटी त्यांचा लांब चेंडू आला. इशबेलने आपल्या खेळाडूंना जागेवरच थांबायला सांगितले होते. माझ्या तोंडून हाक निघून गेली: "वर!"

त्या चौघांपैकी दोघांना मी शिकवले आहे. ते दोघे पुढे धावले, उरलेले दोघे थांबले. मधून त्यांचा माणूस आरामात गेला. बरोबरी.

"झालं समाधान?" मर्डो म्हणाला. "आपण खेळायचो तेव्हा निदान दुसऱ्या संघाला गोल करायला कष्ट पडायचे."

सामना संपल्यावर इशबेल सरळ कठड्यापाशी आली. वाटले, आता मुलगी कायमची गेली.

"बाबा, एका ओळीला किती आवाज असतात?"

हा माझाच प्रश्न. ती लहान असताना पोरांना मी रोज विचारायचो, ती कडेला बसून ऐकायची.

"एक," मी म्हणालो.

"कुणाचा?"

सगळे ऐकत होते. बेव्हरिजसुद्धा. मी म्हणालो, "तुझा." 

"मग धरते दोरी," ती म्हणाली. "पण तिथे हाक मी देणार. तुम्ही मधे बोलायचं नाही."

म्हणून पहिली दोरी इशबेलची. पेटी खाली सोडण्याची खूण अंत्यविधीवाल्यांचा माणूस करतो, तशी त्याने करू नये. हाक इशबेल देईल. शब्द कोणता, ते तिने ठरवावे. तिला घाई नसेल तर आठही जणांनी उभे राहावे, पाऊस असला तरी. तिचा आवाज येईपर्यंत कोणीही हलू नये.

मीही हलणार नाही.

मृत्युपत्र करणार: डुगल्ड अ. रॅटरे (प्रत्येक पानावर सही केली आहे)

साक्षीदार: मर्डो गन, निवृत्त सुतार, पिटकॅरी. आमच्याकडे एकच साक्षीदार पुरतो. सही माझ्यासमोर झाली. त्या वेळी डुगल्ड उभा होता.

पिटकॅरी, रविवार, १० नोव्हेंबर २०१९