पूल सुटला, मी टांगलेलीच

मी, नहला शाकिर, राहणार हुवैका मोहल्ला, दैर अज-झोर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे.

१. घराचे तीनपैकी दोन हिस्से शरियतीप्रमाणे माझ्या दिवंगत भावाचा मुलगा मुनीर याला. शिवणयंत्रही त्यालाच, त्याच्या बायकोचा त्यावर डोळा आहेच.

२. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर मार्थनी दिलेली भरतकामाची कात्री मुनीरच्या मुलीला. सिस्टर म्हणत, "चुकलेला टाका लपवू नये, उसवावा." मला ते कापडापुरतंच जमलं.

३. उरलेला तिसरा हिस्सा, म्हणजे नदीकडची खोली, विदादला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

फरात नदीवरचा आमचा पूल फ्रेंचांनी तारांवर तोलला, म्हणून सगळे त्याला 'मुअल्लक', म्हणजे टांगलेला, म्हणत. संध्याकाळी गाव त्यावर फिरायचं, पोरं वरून पाण्यात उड्या टाकायची. माझा नवरा फवाझ त्याच पुलावरून पलीकडे गेला, तिथे दुसरं लग्न केलं आणि मला तलाक दिला नाही. अशा बाईलाही आमच्यात तोच शब्द: मुअल्लका. कोणी पुलाचं नाव काढलं तरी माझी मान खाली जाई. मी तिकडे फिरकणं सोडलं.

लढाईत तोफांनी पूल पाडला. कोणाच्या, हे दोन्ही काठ वेगवेगळं सांगतात. पाण्यात दगडी खांब तेवढे उरले. सारा मोहल्ला रडत असताना शेजारीण उम्म तौफीक म्हणाली, "बघ नहला, पूल सुटला बिचारा. तू मात्र टांगलेलीच!" रडता रडता बायका हसल्या. मीही हसले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात विदाद होडीतून आली. म्हणाली, "खाला, मी फवाझची मुलगी. आई-बाबा दोघंही गेले." मी तिला आत घेतलं आणि मोहल्ल्याला सांगितलं, भाडेकरू आहे. ती माझे पाय चेपते, आणि दारात कोणी आलं की मला 'मालकीणबाई' म्हणते. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मुनीर म्हणतो, "आत्या, भाडेकरूचं काय, काढून टाकू." तर मुनीर, ती भाडेकरू नाही. माझ्या नवऱ्याची मुलगी आहे, म्हणून माझी आहे. तिला कोणी घराबाहेर काढायचं नाही.

४. माझ्या दफनानंतर मुनीरने हे मोहल्ल्यासमोर मोठ्याने वाचावं.

साक्षीला बसलेला हमद होडीवाला म्हणाला, "खाला, ती आत चहा करतेय. आत्ताच 'मुली' म्हणून हाक मारा की!"

"तू सही कर आधी."

त्याने केली. मग मी हाक मारली. तोंडून 'विदाद' एवढंच निघालं.

साक्षीदार: हमद अल-जासिम, होडीवाला (सही)
साक्षीदार: यासीन दरवीश, औषधविक्रेता (सही)

नहला शाकिर (सही)
दैर अज-झोर, ३ ऑक्टोबर २०२१